सोयाबीनचा हिशेब आणि निकडीची विक्री

आपल्या विद्यालयात दुसऱ्या सत्राच्या प्रारंभी जे शुल्क जमा होते, त्यातील बराचसा भाग सोयाबीनच्या पट्टीतून आलेला असतो. पालक कार्यालयात येतात तेव्हा अनेकांच्या खिशात आडत्याने दिलेली ती पट्टी अजून घडी न मोडलेली असते. वजन, ओलावा, कटती, हमाली, तोलाई आणि शेवटी हाती आलेली रक्कम एवढाच तिचा मजकूर. चार महिन्यांच्या कष्टाचा इतका संक्षिप्त इतिहास दुसरा नसेल. आम्ही इतिहासाचे अध्यापक आहोत, कृषितज्ज्ञ नाही. परंतु हिशेबाचा कागद वाचणे हेही इतिहासाच्याच अभ्यासात मोडते. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील छोट्या खातेदारांच्या सोयाबीनचा हिशेब मांडून पाहण्याचे आम्ही योजिले आहे.

या दोन्ही तालुक्यांची भूमी एकसारखी नाही. पश्चिमेला सह्याद्रीच्या कुशीत भातखाचरे, नाचणी आणि हिरडा. मधल्या व पूर्वेच्या पट्ट्यात कुकडी प्रकल्पाच्या माणिकडोह, वडज, येडगाव, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या धरणांचे पाणी जिथवर पोहोचते तिथवर ऊस, कांदा, टोमॅटो. पाणी जिथे पोहोचत नाही किंवा उशिरा पोहोचते, तिथे पूर्वी बाजरी, मटकी, हुलगा आणि भुईमूग होत असे. सोयाबीनने या जुन्या खरिपाची बरीच जागा घेतली. त्याची कारणे सरळ आहेत. शंभर ते एकशे दहा दिवसांत पीक निघते, मजूर तुलनेने कमी लागतात, बिबट्या-डुकरांच्या भयाने उसात शिरण्यापेक्षा ते बरे वाटते, आणि मुख्य म्हणजे ऑक्टोबरच्या सुमारास रान मोकळे होऊन त्यात कांदा, गहू किंवा हरभरा घेता येतो. शिवाय मुळांवरील गाठी जमिनीला नत्र देऊन जातात.

परंतु याच सोयीत एक गोष्ट दडलेली आहे आणि ती विदर्भ-मराठवाड्यातील सोयाबीनहून आपल्या भागाला वेगळी करते. आपल्याकडे सोयाबीन हे वर्षाचे अखेरचे पीक नसते, ते पुढच्या पिकाचे भांडवल असते. सोयाबीन विकायचे ते कांद्याच्या लागणीची मजुरी द्यायला, खत आणायला, कृषी सेवा केंद्राची उधारी फेडायला, दिवाळी करायला आणि वसतिगृहातील मुलाचे शुल्क भरायला. पाचही गरजा एकाच पंधरवड्यात उभ्या राहतात. त्यामुळे माल केव्हा विकायचा हे बाजार पाहून ठरत नाही, गरज पाहून ठरते. सोयाबीनमध्ये छोटा शेतकरी पावसाने जितका मार खातो तितकाच या निकडीनेही खातो, असे आमचे मत झाले आहे.

धारण क्षेत्राचा प्रश्न

आपल्या समाजाच्या बाबतीत ही निकड अधिक तीव्र का आहे, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. बौद्ध कुटुंबांकडे जी जमीन आहे तिचा पुष्कळसा भाग महार वतनाचा. गावकीच्या अखंड सेवेच्या बदल्यात मिळालेल्या या तुकड्यांनी समाजाला जमीनदार केले नाही, बांधून मात्र ठेवले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते याचसाठी. मुंबई राज्याचा कनिष्ठ ग्राम वतने नष्ट करणारा कायदा १९५८ चा, तो १ ऑगस्ट १९५९ पासून अमलात आला. तोवर एका वतनाचे अनेक वाटेकरी झाले होते. आज सात-बारावर आठ-दहा नावे आणि प्रत्यक्ष वहिवाटीला पंधरा-वीस गुंठे, अशी स्थिती आपल्या वाचकांतील अनेकांच्या घरी असेल.

बाबासाहेबांचा १९१८ सालचा भारतातील लहान धारण क्षेत्रांवरील निबंध आपण नावाने ओळखतो, वाचतो क्वचित. त्यात त्यांनी एक मूलभूत मुद्दा मांडला. शेत लहान की मोठे हे नुसत्या एकरांवरून ठरत नाही. त्या शेताला जोडलेले भांडवल, अवजारे आणि श्रम यांचे प्रमाण कसे आहे, यावर ते किफायतशीर की तोट्याचे हे ठरते. भांडवल नसेल तर लहान तुकडाही झेपत नाही. आणि शेतीवर साचलेले जादा श्रम उद्योगांकडे वळल्याखेरीज हा प्रश्न सुटणार नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. एक एकर सोयाबीनच्या हिशेबाला हे सूत्र लावून पाहू.

समजा, एका कोरडवाहू एकराचा खर्च असा आहे: मशागत ३,५०० रुपये, बियाणे व बीजप्रक्रिया ३,०००, खते ३,५००, पेरणी १,०००, खुरपणी व तणनाशक ३,०००, फवारण्या ३,०००, काढणी ४,०००, मळणी व वाहतूक ३,०००. एकूण २४,००० रुपये. हे आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत, प्रत्येकाने आपल्या घरचे आकडे घालावेत. आता या खर्चाला उताऱ्याने भागावे. एकरी दहा क्विंटल उतारा पडला तर क्विंटलचा खर्च २,४०० रुपये. आठ क्विंटल पडला तर ३,०००. सहा पडला तर ४,०००. आणि पावसाने दगा देऊन चारच क्विंटल पडला तर ६,००० रुपये.

केंद्र शासनाने २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये जाहीर केला. तो ज्या उत्पादन खर्चाच्या दीडपट म्हणून सांगितला गेला तो खर्च ३,५५२ रुपये क्विंटल. म्हणजे चार क्विंटलच्या शेतकऱ्याला पूर्ण हमीभाव मिळाला तरीही तो तोट्यातच. आणि बाजारात ४,२०० चा भाव असेल तर सहा क्विंटल पिकवणाऱ्याच्या हाती चार महिन्यांनंतर १,२०० रुपये उरतात. आठ क्विंटलवाल्याच्या हाती ९,६०० उरतात. दोघांत फरक दोन क्विंटलचा, शिल्लक मात्र आठपट. भावाची चर्चा आपण चावडीवर तासन्‌तास करतो. त्या मानाने उताऱ्याची आणि खर्चाची करीत नाही.

या हिशेबात एक रकाना बहुधा कोराच राहतो. घरच्या स्त्रीने केलेली खुरपणी आणि काढणी. मजुरीला बाहेरची बाई लावली तर ती खर्चात येते, घरची आई-बहीण राबली तर तो ‘वाचलेला खर्च’ होतो. वाचलेला नव्हे, तो न दिलेला खर्च आहे. अनेक घरांतील सोयाबीनचा नफा म्हणजे वस्तुतः त्या मायमाउलीची बुडालेली मजुरीच होय.

पेरणीची घाई

निकडीचा पहिला फटका जूनमध्ये बसतो. मृगाचा पहिला जोराचा पाऊस झाला की शेजारच्या रानात तिफण किंवा ट्रॅक्टर दिसतो आणि आपलाही जीव राहत नाही. भाड्याचा ट्रॅक्टर आज मिळतो, उद्या मिळेलच असे नाही, ही अडचण खरीच आहे. तथापि ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल जाईपर्यंत पेरू नये, हा कृषी विद्यापीठांचा सल्ला पाळणे म्हणजे पैसे वाचवणेच आहे. दुबार पेरणीची वेळ आली तर वरच्या उदाहरणात बियाणे व पेरणीचे ४,००० रुपये वाढून खर्च २८,००० वर जातो, पीक पंधरा-वीस दिवस मागे पडते आणि मागचा कांदाही त्याच्याबरोबर ओढला जातो.

बियाण्याविषयी थोडे विस्ताराने लिहावेसे वाटते, कारण येथे छोट्या शेतकऱ्याच्या हाती खरोखर काही आहे. सोयाबीन हे स्वपरागसिंचित पीक आहे. संकरित बियाण्याप्रमाणे ते दरवर्षी विकत घ्यावे लागत नाही. सुधारित वाणाचे चांगले बियाणे एकदा आणले की त्याचेच निवडक दाणे पुढे दोन-तीन हंगाम वापरता येतात. मात्र या दाण्याचे टरफल फार नाजूक असते. मळणीयंत्र वेगाने फिरवले, पोते उंचावरून आपटले किंवा थप्पी सात-आठ पोत्यांहून उंच रचली की बाहेरून धडधाकट दिसणारा दाणा आतून मेलेला असतो. म्हणून बियाण्यासाठी ठेवायच्या मालाची मळणी कमी वेगाने, वेगळी करावी. मे महिन्यात ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ओळीने मांडून, गुंडाळून, सावलीत ठेवावेत, वर पाणी शिंपडत राहावे आणि सातव्या-आठव्या दिवशी मोजावेत. सत्तर किंवा अधिक उगवले तर एकरी तीस किलो पुरते. त्याहून थोडे कमी असतील तर प्रमाण वाढवावे, फारच कमी असतील तर ते धान्य म्हणून विकावे. २०२० च्या खरिपात राज्यात न उगवलेल्या बियाण्याच्या तक्रारींचा पूर आला होता. गोणपाटाच्या या परीक्षेला खर्च शून्य आहे आणि सातवीतील विद्यार्थीही ती करू शकतो. विज्ञानाच्या तासाला ती व्हावी, असे आम्ही आमच्या सहकारी शिक्षकांना सुचविले आहे.

पेरताना दाणा तीन-चार सेंटिमीटरहून खोल जाऊ नये. बीजप्रक्रियेत आधी बुरशीनाशक आणि नंतर रायझोबियम, हा क्रम उलटू नये. वाणाच्या बाबतीत जेएस ३३५ वर्षानुवर्षे चालत आले. आता राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या कसबे डिग्रज केंद्राने दिलेले फुले संगम, फुले किमया यांसारखे तांबेरा सोसणारे वाण आणि पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेचे एमएसीएस ११८८ सारखे वाण उपलब्ध आहेत. जास्त दिवसांचा वाण अधिक उतारा देतो, हे ऐकून सर्वांनीच तो धरू नये. ज्याला मागे कांदा करायचा आहे त्याने दिवस मोजावेत. ज्याच्याकडे रब्बीला पाणीच नाही त्याने तीन-चार ओळींआड तुरीची एक ओळ टाकावी. सोयाबीन गेले तरी तूर हाती राहते.

विम्याविषयी गैरसमज पुष्कळ आहेत. २०२३ च्या खरिपात राज्यात एक रुपयात पीकविमा सुरू झाला, तो २०२५ च्या खरिपापासून बंद झाला. आता खरीप पिकांसाठी विमा संरक्षित रकमेच्या दोन टक्के हप्ता शेतकऱ्याने भरावा लागतो आणि भरपाई पीक कापणी प्रयोगातून निघालेल्या महसूल मंडळाच्या सरासरी उत्पादनावर ठरते. आपल्या एकट्याच्या रानात पाणी साचले आणि मंडळाची सरासरी चांगली आली, तर काही मिळत नाही. तरीही विमा घ्यावा. संपूर्ण मंडळ बुडते अशा वर्षासाठी तो आहे. पण त्यावर विसंबून खर्च वाढवू नये. आणि जे बांधव दुसऱ्याची जमीन वाट्याने किंवा खंडाने कसतात, त्यांच्या नावावर सात-बारा नाही, ई-पीक पाहणीत पीक मालकाच्या नावे चढते. परिणामी विमाही मालकाचा, हमीभाव केंद्रावरील नोंदणीही मालकाची. जोखीम मात्र कसणाऱ्याची. नोंदणीकृत भाडेकराराचा मार्ग कायद्याने खुला आहे, पण गावात मालक त्याला क्वचितच तयार होतो. येथे आपल्यातील शिकलेल्या मंडळींनी मध्यस्थी करण्यास वाव आहे.

भाव कोठे ठरतो

शंभर किलो सोयाबीनमधून साधारण अठरा किलो तेल आणि ऐंशी किलोच्या आसपास पेंड निघते. त्यामुळे सोयाबीनला आपण तेलबी म्हणत असलो तरी त्याचे भवितव्य पेंडीवर, म्हणजे कोंबडीच्या खाद्यावर अधिक अवलंबून असते. ब्राझील, अमेरिका व अर्जेंटिनातील पिकाने जगाचा भाव हलतो, त्यावर दिल्लीचे आयात धोरण बसते, त्यातून तेल गिरण्यांचा भाव ठरतो, आणि त्यातून वाहतूक व आडत वजा जाऊन जो उरतो तो जुन्नर किंवा मंचरच्या शेतकऱ्याला मिळतो. २०२१ च्या ऑगस्टमध्ये काही बाजारांत सोयाबीन दहा हजारांच्या पुढे गेले होते. त्याच महिन्यात शासनाने जनुकीय परिवर्तित सोयापेंडीच्या आयातीला परवानगी दिली आणि नवा माल येईपर्यंत भाव कोसळले. डिसेंबर २०२१ मध्ये सेबीने सोयाबीनचे वायदे स्थगित केले, त्या स्थगितीची मुदत पुढे वाढत गेली. पुढच्या भावाचा जो थोडाफार अंदाज मिळे तोही गेला. सप्टेंबर २०२४ मध्ये खाद्यतेलावरील आयात शुल्क वाढविले, तरीही त्या हंगामात बाजारभाव ४,८९२ च्या हमीभावाखाली राहिला. मका व तांदळापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा चोथा कुक्कुटखाद्यात स्वस्तात मिळू लागल्याने पेंडीची मागणी घटली, हे त्याचे एक कारण. मे २०२५ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरील शुल्क पुन्हा कमी केले गेले.

इतक्या दूरवर ठरणाऱ्या भावाशी एक एकरवाला झुंजू शकत नाही. त्याच्या हाती दोनच गोष्टी उरतात: मालाची प्रत आणि विक्रीची वेळ.

प्रतीचे पाहू. हमीभावाच्या खरेदीला १२ टक्के ओलावा ही मर्यादा आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये ती त्या हंगामापुरती १५ पर्यंत शिथिल करावी लागली, कारण परतीच्या पावसाने माल ओला होता. समजा आपला माल १८ टक्के ओलाव्याचा आहे. तो १२ टक्क्यांवर वाळवला तर शंभर किलोचे सुमारे ९३ किलो होतात. वजन घटते म्हणून वाळवणे तोट्याचे, असे अनेकांना वाटते. परंतु ओल्या मालाला ३,७०० आणि वाळल्याला ४,२०० भाव असेल तर वाळलेल्या ९३ किलोचे ३,९०० च्या वर येतात. क्विंटलमागे दोनशे रुपये उन्हात पडलेले असतात, ते उचलायला तीन-चार दिवस आणि ताडपत्री लागते. ज्याच्या दारी उधारीवाला बसला आहे त्याच्याकडे नेमके तेच तीन-चार दिवस नसतात.

वेळेसाठी शेतमाल तारण योजनेचा उपयोग आहे. राज्य कृषी पणन मंडळाने १९९०-९१ पासून ती बाजार समित्यांमार्फत चालविली आहे. गोदामात माल ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, व्याज सहा टक्के, मुदत सहा महिने. आठ क्विंटलचे ३३,६०० धरले तर २५,२०० हाती येतात आणि तीन महिन्यांचे व्याज ३७८ रुपये होते. यातून कांद्याची लागण होते, शुल्कही भरता येते. पण थांबले की भाव वाढतोच, ही समजूत आपण सोडली पाहिजे. २०२२ आणि २०२३ च्या हंगामांत माल राखून ठेवणाऱ्या पुष्कळांच्या पदरी निराशाच आली. म्हणून आमचे मत असे की एक तृतीयांश माल गरजेपुरता लगेच विकावा, एक तृतीयांश जानेवारीच्या सुमारास आणि उरलेला त्यानंतर. सर्वोच्च भाव यात मिळणार नाही. सर्वात पडका भावही सगळ्या मालाला लागणार नाही.

श्रेणी आणि निधी

आठ क्विंटलसाठी गोदामाच्या खेपा घालणे एकट्याला परवडत नाही. येथे आमच्या विषयाकडे वळण्याची मुभा वाचकांनी द्यावी. ज्या जुन्नरच्या लेण्यांना आपण सहलीला जातो, तेथील एका शिलालेखात धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी दान दिल्याची नोंद आहे. दुसऱ्या एका लेखात एका शक उपासकाने २० आणि ९ निवर्तने शेतांचे उत्पन्न एका श्रेणीकडे गुंतवले आहे, करंज आणि वडाची झाडे लावण्यासाठी. (करंज हीही तेलबीच.) बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कांस्यकारांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या रकमांचेही उल्लेख आहेत. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी याच नाणेघाटाच्या वाटेवरील कारागीर आणि व्यापारी एकत्र येऊन भांडवल सांभाळीत होते, आणि संघाला त्यांचा विश्वास वाटत होता. सिगालोवाद सुत्तात गृहस्थाच्या उत्पन्नाचे चार भाग सांगितले आहेत: एक उपभोगासाठी, दोन व्यवसायासाठी आणि चौथा आपत्तीसाठी राखून ठेवलेला. आपल्या घरांत हा चौथा भाग कधी साठतच नाही. ज्याचा तो साठत नाही त्याचे व्यवसायाचे दोन भागही आडत्याच्या दारी पडेल भावाने जातात.

तो चौथा भाग एकेका घरात साठणे अवघड असेल तर दहा-पंधरा घरांनी मिळून साठवावा. एका वाडीतील पंधरा कुटुंबांनी आपला माल एकत्र केला तर शंभरावर क्विंटल होतो. तो एका गाडीत गोदामाला जातो, ओलावामापक यंत्र सामायिक घेता येते, बियाणे व खत एकत्र आणता येते. शेतकरी उत्पादक कंपनी काढणे हा पुढचा टप्पा. त्याची घाई नको, कागदोपत्री कंपन्या पुष्कळ झाल्या आहेत. पंधरा घरांनी आधी एक हंगाम बरोबर काढावा. अनुसूचित जाती व नवबौद्ध शेतकऱ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजनेतून नव्या विहिरीला अनुदान मिळते. सात-बारावरील सामायिक नावांमुळे अर्ज अडतात, म्हणून वाटपाची कागदपत्रे आताच मार्गी लावावीत. तहसील कचेरीत नोकरीला असलेल्या माजी विद्यार्थ्यांनी महिन्यातून एक रविवार या कामाला दिला, तर पुष्कळ फाईली हलतील.

विद्यालयाच्या व्यवस्थापनापुढे आम्ही शिक्षकांनी दोन सूचना ठेवल्या आहेत, त्या पालकांच्या माहितीसाठी येथे नमूद करतो. पहिली, शेतकरी पालकांकडून दुसऱ्या सत्राचे शुल्क दिवाळीनंतर लगेच न घेता फेब्रुवारीअखेर घ्यावे. मधल्या तीन महिन्यांचा वसतिगृहाचा किराणा माजी विद्यार्थ्यांनी उभारलेल्या निधीतून भागवावा आणि शुल्क आले की ती रक्कम निधीत परत जावी, म्हणजे मुद्दल कायम राहील. दुसरी, विद्यालयाचे वंदनेचे पटांगण फरसबंद आहे आणि दिवाळीच्या सुट्टीत ते तीन आठवडे रिकामे असते. जवळच्या गावांतील पालकांना तेथे सोयाबीन वाळवू द्यावे. ताडपत्र्या प्रत्येकाने आपल्या आणाव्यात, राखणीला रात्री दोघांनी थांबावे, आणि बियाण्याच्या मालावर खडूने नाव घालून तो वेगळा ठेवावा.